सावली कुठे पडते, ते बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या बाजूनं राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्या म्हाताऱ्या गृहस्थांचंही थोडं पटलं, म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसलोय. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस.

जावई एवढ्या हौसेनं तुला बंगळूरच्या गोल्फच्या मैदानावर घेऊन गेला आणि दुसऱ्याच होलवर, म्हणजे खेळाच्या दुसऱ्याच टप्प्यावर, एका अनोळखी म्हाताऱ्या माणसानं जावयादेखत तुझ्यावर आवाज चढवला. ज्याला आपली चूक काय तेच माहीत नाही, त्याच्यावर चारचौघांत खेकसणं हाच मुळात मोठा असभ्यपणा. बाजूला घेऊन दोन शब्दांत सांगता आलं असतं. तेवढ्यापुरता मी पूर्ण तुझ्याकडून आहे. पण पुढे तू लिहिलंस की, ‘ही सगळी साहेबाची थेरं, श्रीमंतांनी आपापसांत ठरवलेला मानापमान.’ तिथे मी अडलो. बारा वर्षं हा खेळ खेळतोय, आणि या रीतींबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तो का वाटतो, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आधी तुझ्या हातून नेमकं काय झालं ते बघू. सकाळचे सात वाजले होते, ऊन तिरपं होतं. तू होलच्या पलीकडे, सूर्याकडे पाठ करून उभा. म्हणजे तुझी सावली होलवरून थेट त्यांच्या चेंडूपर्यंत लांबली असणार. होल, म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, अवघा सव्वाचार इंच रुंद. पाच-सात पावलांवरून त्यात चेंडू घालायचा, तर माणूस गवताचा उतार आणि पात्यांचा कल डोळ्यांनी वाचत असतो. त्यावर काळी पट्टी पडली आणि ती मध्येच हलली, की वाचलेलं सगळं पुसलं जातं. आणि मग तू तुझ्या चेंडूकडे जायला सरळ निघालास, त्यांचा चेंडू आणि होल यांच्यामधून, म्हणजे त्यांच्या लाइनवरून. तुला वाटलं, गवतच तर आहे! पण ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, गवत तीन-चार मिलिमीटरच असतं. त्यावर माणसाचं वजन पडलं की पाऊल उमटतं, आणि चेंडू हळू झाला की त्या ठशात वळतो. थंडीत दव असताना एकदा ग्रीनवर ये, प्रत्येकाची पावलं मोजून दाखवतो. दव उडालं की ती दिसेनाशी होतात, पण दबलेलं गवत काही वेळ दबलेलंच राहतं.

आता मला सांग, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या पाटाच्या पाण्याच्या पाळ्या आठव. ओल्या वाफ्यात पाय टाकला म्हणून तुझ्या वडिलांनी आपल्या दोघांना केवढं झापलं होतं! बांधावरून चालायचं, दुसऱ्याच्या रानातून आडवं जायचं नाही. रात्री दोनची पाळी असली तरी ती संपायच्या आधी खालच्या रानवाल्याला हाक मारायची, म्हणजे पाणी वाया जात नाही आणि त्याला ताटकळावं लागत नाही. ते कुणी साहेबानं शिकवलं नव्हतं. एकच पाट, एकामागून एक वापरणारी माणसं, आणि रात्रीच्या अंधारात बघायला कुणी नाही. गोल्फचं मैदान अगदी तसंच आहे रे. टेनिसचं कोर्ट तुझ्या तासापुरतं तुझं असतं. इथे तुझ्या पुढे चौघं, मागे चौघं, त्यांच्या मागे आणखी चौघं, आणि सगळे त्याच गवतावरून जाणार. तू सोडलेला खड्डा कुणाच्या तरी वाट्याला येणारच.

हा खेळ नियमांत पहिल्यांदा बांधला गेला १७४४ साली, एडिंबरोजवळच्या लीथमध्ये. सगळे मिळून १३ नियम. त्यातला बारावा असा, की ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत लांब, त्यानं आधी खेळायचं. म्हणजे कुणी कुणासाठी थांबायचं हे तेव्हापासूनच खेळाच्या पोटात आहे. २०१९ साली नियम नव्यानं लिहिले गेले, तेव्हा खेळाडूचं वागणं अगदी पहिल्या नियमातच घातलं. प्रामाणिकपणा, दुसऱ्याचा विचार, मैदानाची काळजी. तीनच गोष्टी. कॉलरचा शर्ट, अमुक पँट, क्लबहाउसमध्ये टोपी काढणं, यातलं काहीही तिथे नाही. ते ज्या त्या क्लबचं. त्याला थेरं म्हणालास तर मी वाद घालणार नाही.

मैदानाची काळजी म्हणजे काय, तर उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आपटला की वाटीसारखा खोलगट डाग पडतो. त्याला पिच मार्क म्हणतात. तो बुजवायला दोन दातांचा छोटा काटा मिळतो. बहुतेक जण काटा खड्ड्यात खुपसून तळाची माती वर उचकटतात. दिसायला जमीन सपाट होते, पण खाली मुळं तुटतात आणि चार दिवसांनी तिथे तपकिरी टिकली उठते. काटा खड्ड्याच्या कडेला, जरा बाहेरून घालायचा आणि तिथलं गवत मधल्या भागाकडे ढकलायचं. चारही बाजूंनी तसंच. मग पटरच्या, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीच्या, तळव्यानं हलकेच थोपटायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. लगेच केलं तर गवत काही दिवसांत सावरतं, तसंच सोडलं तर कित्येक आठवडे लागतात. मी माझा एक बुजवतो आणि आजूबाजूला दिसला तर दुसऱ्याचाही. खरं सांगू, मला यात फार बरं वाटतं. गुडघा टेकून, बोटांनी गवत जुळवताना आईचं तुळशीपुढचं सारवण आठवतं.

बंकरमध्येही, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातही, तसंच. जवळच्या सखल कडेनं उतरायचं, उंच काठावरून उडी घ्यायची नाही, काठ ढासळतो. निघताना आपली पावलं दंताळ्यानं सारखी करून मगच वर यायचं. दंताळं तुला शिकवायला नको! फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, फटक्यानं ढेकूळ उडालं तर आपल्या काठ्या वाहणाऱ्या कॅडीच्या पिशवीतली वाळू त्या जागी भरायची.

दुसरी मोठी गोष्ट वेळेची. आपल्यासारख्या साध्या खेळाडूला १८ होलना शंभर फटके सहज लागतात. चौघांचे मिळून ४००. प्रत्येकानं फटक्यामागे नुसते १० सेकंद जास्त घेतले, तर हिशेब ४००० सेकंदांचा होतो, म्हणजे तासाहून अधिक. आणि तो तास मागच्या प्रत्येक चौकडीला उन्हात उभं राहून भोगावा लागतो. म्हणून आपली पाळी येईपर्यंत काठी निवडून तयार राहायचं. नियमांतही सुचवलंय की पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका व्हावा. हरवलेला चेंडू शोधायला आता ३ मिनिटं मिळतात, पूर्वी ५ मिळायची. तेवढ्यात सापडला नाही तर सोडून द्यायचा. आणि पुढचा होल मोकळा आहे, मागचे खोळंबलेत असं दिसलं, तर बाजूला होऊन हात करायचा, ‘या पुढे’. यात कमीपणा अजिबात नाही. आपल्या घाटात अवजड गाडीवाला कडेला घेऊन मागच्याला वाट देतो, तेव्हा आपण त्याला चांगलाच म्हणतो ना?

आता जे सांगतोय ते आजवर फक्त घरी सांगितलंय.

तिसरं वर्ष असेल माझं. इथल्या मैदानावर सकाळी बायका रांगेत बसून ग्रीनच्या कडेचं तण खुरपतात, तू पुढे बघशीलच. त्या दिवशी माझा खेळ चांगला चालला होता आणि डोक्यात तेवढंच होतं. पुढे दीडशे मीटरवर दोघी-तिघी बसलेल्या दिसत होत्या. कॅडी म्हणाला, ‘साहेब, थांबा, हाक मारतो.’ मी थांबलो नाही. म्हटलं, चेंडू डावीकडे जाईल. तो गेला उजवीकडे. समोरच्याला सावध करायला ‘फोर’ ओरडायचं असतं, तेही तोंडातून फुटलं नाही. कॅडीच ‘बॉल, बॉल!’ म्हणून ओरडला, पण तोवर एका मावशीच्या शेजारच्या जेवणाच्या डब्यावर चेंडू आपटला होता. तो टण्ण आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. डबा तिच्या गुडघ्यापासून हातभर होता, एवढाच.

गोल्फचा चेंडू ४५.९३ ग्रॅमहून जड नसतो. पण साध्या खेळाडूचा सुरुवातीचा लांब फटका, म्हणजे ड्राइव्हसुद्धा ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. माझा फटका त्याहून लहान होता, तरी डोक्याला लागला असता तर काय झालं असतं, हे मी लिहू शकत नाही. मी चालत गेलो. तेवढं अंतर मला कधीच इतकं लांब वाटलं नव्हतं. म्हटलं, ‘मावशी, चुकलं माझं.’ त्या काही बोलल्या नाहीत. खुरपं खाली ठेवलं, डबा उचलला, पोचा आलेली बाजू पलीकडे वळवली आणि पुन्हा खाली ठेवला. मग पदर सारखा करून कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी नवा डबा नेऊन दिला, त्यांनी घेतला. पण ती पोचा लपवायची हालचाल माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

तेव्हापासून मी समोर काम करणाऱ्या माणसानं हात वर करेपर्यंत काठी उचलत नाही. मागचे खोळंबले तरी चालतील. आपण पैसे भरून खेळतो, त्या पोटासाठी तिथे बसलेल्या असतात, आणि ‘फोर’ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

कॅडीचंही तेच. चुकलेल्या फटक्याचा राग त्याच्यावर काढणारी, काठी त्याच्या पायाशी भिरकावणारी माणसं मी पाहिली आहेत. कपडे परीटघडीचे आणि नियम तोंडपाठ असले तरी अशा माणसाबरोबर मी दुसऱ्यांदा खेळत नाही. आपल्या देशात हा खेळ कॅडींनी आणि माळ्यांच्या मुलांनी केवढा मोठा केलाय! दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखायचे, तिथेच तो वाढला, आणि २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. तेव्हा पिशवी उचलणाऱ्याला आधी नाव विचार आणि नावानं हाक मार. नऊ होलनंतर आपण चहा घेतो तेव्हा त्यालाही दे. आणि कुठली काठी घेऊ हे त्याला विचारून फटका चुकला, तर त्याला दोष देऊ नकोस. मारलेला आपण असतो.

राहता राहिला प्रामाणिकपणा, आणि तो मी तुला काय सांगणार? शाळेत वाढून मिळालेले दोन मार्क तू सरांकडे जाऊन कमी करून घेतलेले मी पाहिलंय. इथे अंपायर नसतो. झाडीत चेंडू पायानं सरकवला तर कुणाला दिसत नाही. १९२५ च्या गोल्फच्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या नामांकित अमेरिकन खेळाडूचा चेंडू लांब गवतात किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्यानं स्वतःहून एक फटका दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि फेरलढतीत तो एका फटक्यानं हरला. तो दंड नसता तर बरोबरी झालीच नसती. लोक कौतुक करायला लागले, तर त्याला ते कौतुकच आवडलं नाही. मला वाटतं, तू तिथे असतास तर तूही असाच चिडला असतास.

म्हणून म्हणतो, एका सकाळीवरून खेळ सोडू नकोस. आणि त्या गृहस्थांचं सांगू का? पुढच्या खेपेला दिसले तर तूच आधी नमस्कार कर आणि म्हण, ‘त्या दिवशी मी तुमच्या लाइनवरून चाललो, मला माहीत नव्हतं.’ ते काय उत्तर देतील ते त्यांचं त्यांनी बघावं. जावयाच्या मनातलं ओशाळलेपण मात्र त्या एका वाक्यानं जाईल. बिचारा तुझ्याहून जास्त खजील झाला असेल.

दिवाळीनंतर तू येतो आहेस, तर शनिवारची पहाटेची वेळ घेऊन ठेवतो. सहा चाळीसला टी ऑफ, म्हणजे पहिला फटका, तेव्हा तू सव्वासहाला पोहोच. फोन गाडीतच ठेव. खिशात सुटे पैसे खुळखुळतील असे नकोत, एकच नाणं आण. ग्रीनवर चेंडू उचलण्याआधी ते त्याच्या मागे ठेवायचं असतं. दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर पटरच्या डोक्याएवढं बाजूला सरकवायचं, आणि आठवणीनं परत जागेवर आणायचं. या पत्रासोबत माझा जुना पिच मार्कचा काटा पाठवतोय. एक दात जरासा वाकलाय, पण काम चोख करतो. तोवर अंगणातल्या हिरवळीवर हात बसव. वहिनींना आधी विचारून.

तुझाच,
बाकावरचा जोडीदार