सरांच्या अध्यासनासाठी धडपडलेल्या लेखाधिकारी मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

आमच्या सरांच्या नावाच्या अध्यासनाला, म्हणजे देणगीच्या निधीतून चालणाऱ्या प्राध्यापकपदाला, विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेची मंजुरी मिळाली, करारावर सह्या झाल्या आणि ठेवीची पावतीही निघाली. कार्यक्रमात सगळ्या देणगीदारांची नावं वाचली गेली, तुमचं मात्र कुठेच आलं नाही. आपलं नाव नको, हा तुमचाच आग्रह होता. नाव आम्ही इथेही लिहीत नाही, पण तुम्ही काय केलंत ते चारचौघांत सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.

साठ लाख जमले म्हणून आम्ही सरांचे विद्यार्थी मोठ्या उत्साहात तुमच्या टेबलापाशी आलो होतो. एवढ्यात एक प्राध्यापक कायमचा नेमता येईल अशी आमची समजूत. तुम्ही कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवलात आणि आकडे सांगत गेलात. सातव्या वेतन आयोगात प्राध्यापकाचं मूळ वेतनच १,४४,२०० रुपयांपासून सुरू होतं. भत्ते आणि बाकीचा खर्च मिळून वर्षाला ३० लाख धरा. ठेवीवर ७ टक्के मिळतील असं समजू, पण त्यातले ३ टक्के दरवर्षी मुद्दलात परत टाकायचे, नाहीतर वीस वर्षांत महागाई निधी पोखरून टाकेल. उरलेल्या ४ टक्क्यांत ३० लाख बसवायचे तर मूळ निधी किती हवा? उत्तर आलं साडेसात कोटी. आमचे चेहरे पडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाटी लावून खुर्ची रिकामी ठेवण्यापेक्षा दरवर्षी एक चांगला माणूस येऊ दे." आमच्या ६० लाखांतून वर्षाला २ लाख ४० हजार सुटतात. तेवढ्यात एक अतिथी प्राध्यापक काही आठवडे येईल, शिकवेल, मुलांना घेऊन सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या कातळपठारांवर, फिरेल. निधी वाढला की विद्या परिषदेच्या संमतीने पूर्णवेळ पद करायचं, हे कलमही तुम्हीच सुचवलंत.

मसुद्यावर तर तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जीव लावलात. आम्ही विषय लिहिला होता 'कोकणातील सड्यांवरील वनस्पती', कारण सरांचं आयुष्य त्यातच गेलं. तुम्ही विचारलंत, पन्नास वर्षांनी हा विषय शिकवणारं कोणी नसेल तर पैसे कुणी वापरायचे? म्हणून 'वनस्पती-वर्गीकरण आणि सह्याद्रीचं परिसरविज्ञान' असं झालं. त्याखाली आणखी एक ओळ आली: विषय कालबाह्य ठरलाच तर हेतूला जवळचा विषय विद्यापीठाने निवडावा.

याचं मोल मला नंतर वाचनातून कळलं. मुंबईच्या लष्करातले लेफ्टनंट कर्नल जोसेफ बोडन यांच्या मृत्युपत्रामुळे ऑक्सफर्डला १८३२ साली संस्कृतचं अध्यासन सुरू झालं. पण देणगीचा हेतू होता भारतीयांच्या धर्मांतराला मदत व्हावी हा. १८६० साली त्या जागेसाठी मॅक्स म्युलर आणि मुंबईत जन्मलेले मोनियर विल्यम्स यांच्यात निवडणूक झाली, तेव्हा विद्वत्तेइतकाच हा हेतूही चर्चेत राहिला आणि म्युलर हरले. उलट तारकनाथ पालितांनी कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या देणगीत अध्यासनावर भारतीयच हवा अशी अट होती. त्या भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर १९१७ साली सी. व्ही. रामन आले, सरकारी वित्त खात्यातली जास्त पगाराची नोकरी सोडून. दोन्हीकडे देणगीदाराने घातलेली अटच होती, पण एकीने वाट अडवली आणि एकीने मोकळी केली.

निवड समितीत देणगीदारांचा एक प्रतिनिधी हवा, असं आमच्यापैकी एकाचं म्हणणं होतं. तुम्ही शांतपणे नकार दिलात. येल विद्यापीठाने १९९५ साली ली बास यांचे तब्बल २ कोटी डॉलर परत केले, ते नेमणुकांत देणगीदाराला मत हवं होतं म्हणून. ही हकिगत मी आमच्या मित्राला वाचून दाखवली आणि त्याने आपणहून तो मुद्दा सोडला. सर असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. आपल्या विद्यार्थ्याचीसुद्धा त्यांनी कधी शिफारस केली नाही.

परदेशातल्या दोघांचे पैसेही तुमच्यामुळेच वेळेत मार्गी लागले. भारतीय पासपोर्ट असलेल्याची बचत नेहमीच्या बँकेतून आली तर ती परकीय अंशदान (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) ठरत नाही, तिथलं नागरिकत्व घेतलेल्याची ठरते. हा फरक आम्हाला कोण सांगणार होतं? निवृत्तीनंतरही प्रत्येक फोन तुम्ही उचललात. मानधनाचं विचारलं तेव्हा रागावलात.

निधीचा वार्षिक हिशेब दर जूनमध्ये लेखी मागायचा, हे तुम्ही बजावलं आहे. पहिला अर्ज तयार आहे, तुमच्या नजरेखालून गेला की देऊ. पहिलं व्याख्यान पावसाळा ओसरायच्या आत, सडे फुललेले असताना ठेवायचं ठरतं आहे. तारीख पक्की झाली की मी घ्यायला येईन. नाही म्हणू नका.

आपला कृतज्ञ,
सरांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने