कृष्णविवराचे वस्तुमान छापताना

संपादक महोदय,

'अवकाशात भटकणारे अदृश्य कृष्णविवर सापडले' अशा बातमीत वस्तुमानाचा बहुधा एकच आकडा असतो. तो कसा काढला आणि त्यात चूक कुठून शिरू शकते, हेही चार ओळींत छापावे, अशी कळकळीची विनंती आहे.

अशी कृष्णविवरे मायक्रोलेन्सिंग या पद्धतीने सापडतात. तिच्यात अंधारी वस्तू स्वतः दिसतच नाही. ती एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोरून सरकते, तिच्या गुरुत्वाने भिंगासारखा त्याचा प्रकाश वाकून एकवटतो आणि तो तारा काही काळ उजळतो. आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्याकडे पाहिले तर कोणत्याही क्षणी दहा लाखांत एखाद-दुसराच तारा असा उजळलेला असतो. म्हणून चिलीतल्या लास काम्पानास येथे ओगल प्रकल्पाची 1.3 मीटरची दुर्बीण कोट्यवधी ताऱ्यांचे तेज वर्षानुवर्षे मोजत आली आहे.

रूपविकारी, म्हणजे स्वतःहूनच तेज कमी-जास्त होणारे, तारेही पुष्कळ असतात. एकट्या वस्तूच्या भिंगाने तारा ज्या गतीने उजळतो त्याच गतीने मावळतो, लाल आणि निळ्या फिल्टरमधून तो सारख्याच पटीने उजळलेला दिसतो, आणि पुन्हा तसा उजळत नाही. यातली एखादी खूण जरी बसली नाही तरी शंका घ्यावी.

पण एवढ्यावरून हाती लागतो तो फक्त उजळण्याचा कालावधी. तो वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ताऱ्याएवढ्या वस्तूला साधारण महिना लागतो, गुरूएवढ्या ग्रहाला दिवसभर, पृथ्वीएवढ्याला काही तास. 2016 साली टिपलेल्या एका घटनेचा कालावधी जेमतेम 42 मिनिटे होता. ती वस्तू मंगळ ते पृथ्वी यांदरम्यानच्या वस्तुमानाचा भटका ग्रह असावी. अडचण अशी की कालावधीत वस्तुमान, अंतर आणि वेग हे तिन्ही मिसळलेले असतात. जवळची हलकी, सावकाश सरकणारी वस्तू आणि दूरची जड, वेगवान वस्तू यांच्यामुळे मिळणारे तेजाचे आलेख अगदी सारखे दिसू शकतात.

ही गाठ सोडवायला आणखी दोन मापे लागतात. पहिले पराशयाचे, म्हणजे पाहणाऱ्याची जागा बदलल्याने पडणाऱ्या फरकाचे: पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे महिनोन्‌महिने चालणाऱ्या घटनेचा आलेख किंचित तिरका होतो. दुसरे मागच्या ताऱ्याच्या जागेचे: तो उजळतोच, शिवाय केसभर सरकल्यासारखाही दिसतो.

2011 साली ओगल आणि न्यूझीलंडच्या मोआ प्रकल्पाने टिपलेल्या ओगल-2011-बीएलजी-0462 या घटनेत दोन्ही मापे मिळाली. तिचा कालावधी सुमारे नऊ महिने होता. हबल दुर्बिणीने सहा वर्षे त्या ताऱ्याची जागा मोजली. सरकणे होते विकलेच्या (अंशाच्या 3600 व्या भागाच्या) हजाराव्या भागाच्या आसपास. त्यातून भिंगाची कोनीय त्रिज्या, म्हणजे आकाशातला त्याच्या प्रभावाचा आवाका, 5.18 हजारांश विकला निघाली आणि आलेखाच्या तिरकेपणातून पराशय 0.0894 असा निघाला. 5.18 ला 8.14 (हा ठरलेला स्थिरांक) आणि 0.0894 यांच्या गुणाकाराने भागले की 7.1 येतात. इतक्या सूर्यांचे वस्तुमान आणि स्वतःचा प्रकाश शून्य, म्हणून ते कृष्णविवर.

पण 2022 मध्ये खगोलशास्त्रज्ञ कैलाश साहू यांच्या गटाने हा आकडा दिला, तेव्हाच दुसऱ्या गटाने त्याच घटनेसाठी 1.6 ते 4.4 सूर्य असे उत्तर काढले होते. त्या मर्यादेत न्यूट्रॉन तारा, म्हणजे कृष्णविवर न झालेला मृत ताऱ्याचा घट्ट गाभाही बसतो! मोजायच्या ताऱ्यापासून अर्ध्या विकलेहूनही जवळ त्याच्या कितीतरी पट तेजस्वी शेजारी आहे. त्याचा प्रकाश वजा करताना जराशी गफलत झाली तरी जागेचे माप ढळते. प्रकाश मोजताना एकाच बाजूला सतत होणाऱ्या चुकांनीही फरक पडला. पुढच्या विश्लेषणांत उत्तरे 6 ते 8 सूर्यांच्या आसपास जुळत आली. म्हणूनच 'सात सूर्यांएवढे' असे छापताना '7.1, कमी-अधिक 1.3' हे शेपूट कापू नये.

आता आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या खगोल मंडळांसाठी. फुगवटा धनू राशीच्या दिशेला आहे. तो आपल्याकडून रात्री उत्तम दिसायचे महिने म्हणजे नेमका पावसाळा. पण ढगाळ रात्री फुकट घालवायचे कारण नाही. ओगलच्या पूर्वसूचना यंत्रणेने दिलेल्या घटनांची मोजमापे इंटरनेटवर मोफत मिळतात: प्रत्येक ओळीत वेळ, प्रत (ताऱ्याच्या तेजाचे माप), प्रतीतील चूक, ताऱ्याच्या प्रतिमेचा पसारा आणि पार्श्वभूमीचा उजेड. पसारा फार वाढलेल्या रात्री आधी वगळाव्यात. मग तेजाच्या आलेखाशी जुळतील अशा पाच अज्ञात संख्या बसवायच्या: शिखराची वेळ, तारा आणि भिंग यांतले सर्वांत कमी कोनीय अंतर, कालावधी, ताऱ्याचा प्रकाश आणि त्यात मिसळलेला परका प्रकाश. कोनीय अंतर भिंगाच्या त्रिज्येएवढे असेल तर तेज 1.34 पट होते, दहाव्या भागाएवढे असेल तर सुमारे 10 पट. सुरुवातीचा अंदाज यावरून करता येतो.

बहुतेकांची गाडी पाचव्या संख्येपाशी अडते. फुगवट्यात तारे इतके दाटीने आहेत की एका ठिपक्यात दोन-तीन सहज सामावतात. परका प्रकाश शून्य धरला की उजळणे खरे होते त्याहून कमी वाटते आणि कालावधी आखूड निघतो. रंगाची पारखही त्यामुळेच फसते. ती संख्या मोकळी सोडली तर ती कधीकधी उणे येते. किंचित उणे आल्यास घाबरू नये, आकाशाची पार्श्वभूमी वजा करताना तसे होते. मोठी उणे आली तर मात्र ती घटना बाजूला ठेवून जिच्या शिखराच्या दोन्ही बाजूंना भरपूर बिंदू आहेत अशी दुसरी निवडावी.

– एक खगोल अभ्यासक, पुणे