दिवाळ्याच्या जेट्टीवरच्या काकांना, माझ्या थ्रॉटलबद्दल थँक्यू

काका, त्या दिवशी ओहोटीच्या घाईत तुमचा नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, जेट्टीवर कोणीतरी वाचून दाखवेलच.

नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार. सारसोळ्याहून बाबांची फायबरची होडी घेऊन निघालो ते कासवासारखा रांगत तुमच्याकडे लागलो. 40 एचपीचं जुनं टू स्ट्रोक इंजिन, न्यूट्रलला उगाच रेस, गिअर टाकला की खाड्‌कन आवाज आणि थ्रॉटल दिला, म्हणजे रेस वाढवली, की भक्‌ करून मान टाकायचं. आधीच्या मेकॅनिकने दोनदा कार्ब (पेट्रोल नी हवा मिसळणारे कार्बुरेटर) साफ केलेले, प्लग बदललेले, पैसे घेतले आणि वर म्हणाला विकून टाका. मी पण तिथं बसून परत पाना काढला तेव्हा तुम्ही मागून ओरडलात, "काय रं, कार्ब कनाला खोलला परत?"

मग तुम्ही पहिलं काय केलं तर इंजिन बंद ठेवून थ्रॉटलची केबलच काढून बाजूला टाकली. मला वाटलं झालं, आता हे पण गेलं. पण केबल ओढत असेल तर बाकी कितीही सेट करा, सगळं खोटंच दिसतं ना. कार्बच्या तोंडावरचं झाकण काढून मला म्हणालात डोळा लाव. खालच्या कार्बची पाकळी, म्हणजे हवेची वाट उघडमीट करणारी चकती, जराशी उघडी आणि वरची गच्च बंद! म्हणजे दोन सिलिंडर दोन वेगळ्या घरात राहत होते, आणि मी महिनाभर पेट्रोलला नी ऑइलला शिव्या घालत होतो.

स्क्रू तुम्ही सोडला नाहीत, माझ्याकडून सोडवून घेतलात, याचं मला जास्त वाटतं. आयडलचा (थ्रॉटल न देता इंजिन हळू फिरतं त्याचा) स्क्रू मागे घे, दोन कार्बना जोडणाऱ्या पट्टीचा स्क्रू ढिला कर, दोन्ही पाकळ्या स्प्रिंगने आपोआप मिटू दे, बोटाने बघ, मग आवळ. त्यानंतर तो रोलर, पाकळ्या उघडणारं छोटं चाक. ते ज्या वळणदार पट्टीवर फिरतं त्या कॅमवरची खूण मी इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती, गंजाखाली होती, तुम्ही नखाने खरवडलीत. रोलर बरोब्बर त्या खुणेवर आला की पाकळ्या उघडायला लागल्या पाहिजेत, कारण कॅम फिरवणारी दांडीच आतली टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारी, प्लेट पण फिरवते, मग स्पार्क पुढे सरकला आणि हवा मागेच राहिली तर इंजिन मान टाकणारच. आमचा रोलर एका बाजूने झिजून चपटा झालेला. तुमच्या डब्यातला जुना घातलात, त्याचे पण पैसे घेतले नाहीत.

शेवटी फुल थ्रॉटलला पाकळ्या सरळ आडव्या होतात का ते पाहिलं, केबलचं टोक ताण न देता बसेल इतकं फिरवून जोडलं, दोरीने होडी जेट्टीला बांधून गिअरमध्ये आयडल लावला. थ्रॉटल दिला नी ते जे उठलं! बाबा घरी ऐकूनच हसत सुटले, बोलले तरी मी सांगत होतो विकू नकोस.

ओहोटी लागली होती, चिखलात अडकायच्या आत निघायचं म्हणून नीट बोललोच नाही. पुढच्या रविवारी भरती सकाळची असली तर येतो, चहा माझ्याकडून. चपटा रोलर ठेवलाय, तुम्ही फेकू नकोस म्हणाला होतात, तसला नवा कातून घ्यायचाय ना.