न विचारता काढलेली प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा परत बसवून देण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय : जॉब कार्डात नसलेले काम करून गाडी असुरक्षित व बेकायदा केल्याबाबत

महोदय,

माझी २००५ सालची पेट्रोल गाडी मी आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये दिली, ती एका मर्यादित कामासाठी. सकाळी स्लोला इंजिन थरथरत होतं आणि सिग्नलला थांबलं की मिसिंग करत होतं. जॉब कार्डावर आपल्याच माणसाने लिहिलं आहे, 'आयडलिंग तपासणे, तडकलेल्या व्हॅक्यूम नळ्या बदलणे'. त्याखाली माझी सही आहे. याहून अधिक एकाही कामाला मी संमती दिलेली नाही.

गाडी परत घेताना बिलात मात्र ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) बंद करणे, पेट्रोलची वाफ शोषणारा चारकोल कॅनिस्टर काढणे आणि धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप जोडणे, या सगळ्याची मजुरी लावलेली होती. विचारल्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, जुन्या गाडीला हे सगळं ओझंच असतं. काढलं की पिकअप सुधारतो." गाडी माझी आहे. तिच्यात काय ठेवायचं नि काय काढायचं, हे मला विचारायला हवं होतं.

त्यानंतर सासवडहून परतताना दिवे घाटाच्या उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं आणि त्याच वेळी इंजिन आपोआप रेस होऊ लागलं. मागच्या सीटवर माझी आई होती. हँडब्रेक आणि पहिल्या गिअरच्या जोरावर गाडी कडेला आणली. तो प्रसंग आठवला की आजही अंगावर काटा येतो.

गाडी टो करून नाना पेठेतल्या एका अनुभवी फिटरकडे नेली. त्यांनी माझ्यासमोर एकेक नळी तपासली. पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळीत आपल्या माणसांनी टी-जोड घातला होता आणि त्याच्या मोकळ्या तोंडाला नुसती रबरी टोपी लावली होती. ती निसटली होती. बूस्टर चालतो तो मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातला) व्हॅक्यूम आणि बाहेरच्या हवेचा दाब यांतल्या फरकावर. नळी उघडी पडली की तो फरकच उरत नाही, ब्रेकचा सगळा भार पायावर येतो आणि उघड्या तोंडातून हवा आत शिरल्याने इंजिन रेस होतं. ब्रेकच्या नळीला कुणी असा हात लावतो का?

बाकीच्या नळ्यांचीही तीच गत होती. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी जोडलेलीच नव्हती, त्यामुळे स्लोलाही पेट्रोलचा दाब चढाच राहत होता. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळी गळक्या जोडावर बसवली होती. सेन्सरला चुकीचा दाब दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. सायलेन्सरमधून काळा धूर का येतो आणि अ‍ॅव्हरेज का कोसळलं, हे तेव्हा कळलं. कॅनिस्टर काढल्यावर टाकीची वाफ वाहून आणणारी नळी बॉनेटखाली तशीच उघडी सोडली होती, तापलेल्या एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर. गाडीत येणारा पेट्रोलचा वास तिथला होता. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कोणती नळी कुठून कुठे जाते याचा नकाशा दिलेला आहे. तो समोर ठेवून काम केलं असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.

ईजीआर झडप जळालेल्या वायूचा थोडा भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडते. त्याने आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. इंजिनाचा टायमिंगही (ठिणगी कधी पडायची ती वेळ) ती झडप गृहीत धरूनच ठरवलेला असतो. ती बंद केल्यापासून कात्रजच्या चढाला इंजिन नॉकिंग करू लागलं आहे, आतून ठोकल्यासारखा आवाज येतो. मग सुधारलेला पिकअप तो कुठला?

पीयूसीत गाडी नापास झाली. तिच्यासाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे, आकडा त्याच्या कितीतरी वर आला. हे आपल्या सल्लागाराला फोनवर सांगितल्यावर ते म्हणाले, "पीयूसीचं आम्ही करून देऊ, काळजी करू नका." मला असा कागद नको आहे. मला धूर ओकणारी गाडी या शहरात फिरवायची नाही. वाहनांच्या धुराची तपासणी करणारी एआरएआयसारखी संस्था ज्या पुण्यात आहे, तिथल्या वर्कशॉपने असं बोलावं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

शिवाय जबाबदारी माझ्यावर येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय वाहनात बदल करू देत नाही, कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला शिक्षा आहे आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडल्यास कलम १९०(२) लागू होतं. आपल्या कामाची शिक्षा मी का भोगायची?

काढलेले भाग मला परत मिळालेले नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, भंगारातही त्याला चांगली किंमत येते. माझा कन्व्हर्टर कुठे आहे, याचं लेखी उत्तर मला हवं आहे.

माझी मागणी अशी आहे. माझेच मूळ भाग, आणि ते नसतील तर कंपनीचे नवे भाग, आपल्या खर्चाने बसवून द्यावेत. व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या योग्य मापाच्या घालून मॅन्युअलमधल्या नकाशाप्रमाणे जोडाव्यात. ब्रेक बूस्टरची नळी एकमार्गी झडपेसकट अखंड, नवी हवी, त्यात कोणताही जोड चालणार नाही. काम झाल्यावर माझ्यासमोर धुराची तपासणी करून छापील आकडे द्यावेत. न सांगितलेल्या कामाची मजुरी, टोइंगचा खर्च आणि फिटरची फी परत करावी. हे काम नाना पेठेतल्या त्याच फिटरच्या देखरेखीखाली होईल, कारण आपल्या वर्कशॉपवर माझा विश्वास उरलेला नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीसाठी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार आधीच नोंदवली आहे. जॉब कार्ड, बिल, पीयूसी केंद्राची चिठ्ठी आणि नळ्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
वाहनमालक व ग्राहक
सिंहगड रस्ता, पुणे