पिल्लांच्या खोक्यातून घरात आलेला जंतू

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : एक दिवसाच्या पिल्लांमधून झालेला साल्मोनेला जंतूचा संसर्ग

स. न. वि. वि.

डिचोलीतल्या तुमच्या विक्रेत्याकडून मी परसातल्या खुराड्यासाठी पिल्ले घेतली. बरीचशी पहिल्या आठवड्यातच मेली. पंख खाली लोंबलेले, डोळे मिटलेले, ढुंगणाला पांढरी विष्ठा चिकटून वाळलेली. मागोमाग माझ्या चार वर्षांच्या नातीला ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. सलाईन लावावे लागले.

पिल्लांचे नुकसान मी सोसले असते. पण तुमच्या प्रतिनिधीने फोनवर दिलेले उत्तर सोसवत नाही : "बाई, हा कोंबड्यांचा रोग, माणसांना लागत नाही." पुलोरमबद्दल, म्हणजे पिल्लांच्या पांढऱ्या हगवणीबद्दल, हे बहुतांशी खरे आहे. पण आमच्याकडे निघाला तो साल्मोनेलाचा दुसरा प्रकार, साल्मोनेला टायफिम्युरियम. मेलेली पिल्ले आणि खोक्याच्या तळाचा विष्ठेने माखलेला कागद मी पिशवीत बांधून पशुवैद्यांकडे दिला होता. खोके खुराड्यात नेलेच नव्हते, म्हणजे त्यातला जंतू आमच्या खुराड्यातला नव्हे. पिल्ले आणि कागद दोन्हींत तोच जंतू सापडला आणि नातीच्या शौचाच्या तपासणीतही तोच. तिन्ही अहवाल सोबत जोडले आहेत.

टायफिम्युरियमला कोंबडी, डुक्कर, गुरे, उंदीर, माणूस सगळे सारखेच. धडधाकट दिसणारे पिल्लूही विष्ठेतून तो बाहेर टाकत राहते. तिथून हाताला आणि हातातून तोंडात. पाच वर्षांखालची मुले आणि म्हातारी माणसे यांना त्याचा धोका जास्त. आमच्या गावांत कोंबडी परसातच थोडी थांबते? ती पडवीत येते, पोरे पिल्लू उचलून गालाशी धरतात. तुमच्या खोक्यावर ‘हात साबणाने धुवा’ एवढेही छापलेले नाही.

खोक्यात होती ती अँटिबायोटिकची पुडी, ‘पहिले पाच दिवस पाण्यातून द्यावी’ अशा सूचनेसह. आजारी नसलेल्या पिल्लांना कशासाठी? अशाने औषधाला दाद न देणारे जंतूच तेवढे मागे उरतात. याच टायफिम्युरियमचा डीटी १०४ हा प्रकार १९९० च्या दशकात अनेक देशांत जनावरांत आणि माणसांत पसरला. अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन धरून पाच औषधे त्याच्यावर चालेनाशी झाली. भारत सरकारने २०१९ मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली ती याच भीतीने.

उबवणी यंत्रात थोडी बाधित अंडी असली तरी लव आणि धुळीबरोबर जंतू बाकीच्या पिल्लांपर्यंत पोचतो. म्हणून माझी पहिली मागणी पैशांची नाही. त्याच खेपेतली पिल्ले साखळी, वाळपईकडे ज्यांनी ज्यांनी नेली, त्या प्रत्येकाला आजच फोन करून कळवा. त्यांच्या घरीही लहान मुले असतील. तुमच्या अंडी देणाऱ्या मूळ कळपाच्या आणि उबवणी केंद्राच्या साल्मोनेला तपासणीचे अहवाल मला पाठवा, ती पुडी बंद करा आणि खोक्यावर मराठीत व कोंकणीत ठळक सूचना छापा. पिल्लांची किंमत आणि नातीच्या उपचारांचा खर्च यांच्या पावत्या जोडल्या आहेत.

पत्राची प्रत राज्याच्या पशुसंवर्धन खात्याला दिली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक, डिचोली, गोवा