पेशी घात करत नाही, दाह आवरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत पहिल्याच पानावर ‘शरीरच करते प्रतिकारशक्तीचा घात’ हा मथळा वाचला आणि संताप आला. आत छापलेला मजकूर तितका चुकीचा नाही. प्रतिकारयंत्रणेचे संदेश पुढे नेणारी प्रथिने पेशी स्वतःच मोडून टाकते, हे खरे आहे. पण ती का मोडते, याबद्दल एक ओळ नाही. मथळा लिहिणाऱ्याने मात्र त्याचा थेट उलटा अर्थ लावला. भर म्हणून शेजारीच प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या चूर्णाची पाव पानाची जाहिरात!

सकाळी नऊच्या आत पारोळा तालुक्यातून माझ्या वहिनींचा फोन आला. “ताई, पेपरमा काय छापेल शे, दखं का? मग मी गोया बंद करू का?”

त्यांना आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते. गेल्या वर्षीही अशाच एका पुरवणीत (ती तुमची नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगते) ‘ही औषधे प्रतिकारशक्ती मारतात’ असे छापून आले होते. वहिनींनी श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी कोणालाही न सांगता गोळी सोडली. पहिले काही आठवडे काहीच झाले नाही, म्हणून त्यांचा धीर वाढला. दसऱ्यापर्यंत त्यांची मूठ मिटेना. सकाळी दोन-दोन तास बोटे आखडलेली, मनगटे सुजलेली, गुडघ्यात पाणी. दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेमुळे होणारी आतली सूज-आग, किती आहे हे दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या दोन्ही चढलेल्या. ज्या हातांनी त्यांनी जन्मभर घरादाराला कळण्याच्या भाकरी थापून घातल्या, त्या हातांना साडीची गाठ मारता येईना. धुळ्याच्या डॉक्टरांनी उपचार नव्याने सुरू केले, तेव्हा सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटे मात्र वाकडी झाली ती झालीच. एका मथळ्याची किंमत काय असते, हे आमच्या घराला ठाऊक आहे.

म्हणून जे तुमच्या बातमीत राहिले, ते लिहिते. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवले आहे.

पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन असते. 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधले. दाह सुरू करणारी शेकडो जनुके त्याच्या हुकमात असतात. एरवी आय-कप्पा-बी हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते. जंतू शिरला की या धरून ठेवणाऱ्या प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘मोडून टाका’ अशी खूण लागते, प्रोटिअसोम हे पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र काही मिनिटांत त्याचे तुकडे करतो आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाते. म्हणजे दाह सुरू होतो तोच मुळी एक प्रथिन मोडल्यामुळे! ज्या मोडतोडीला तुम्ही घात म्हणता, तिच्यावाचून प्रतिकार उभाच राहत नाही.

यापुढचा भाग वर्गात शिकवताना माझा आवाज दरवेळी चढायचा. एनएफ-कप्पा-बी जी जनुके चालू करते, त्यांतच आय-कप्पा-बीचे जनुक असते. ते प्रथिन पुन्हा तयार होते आणि एनएफ-कप्पा-बीला केंद्रकातून बाहेर ओढून आणते. त्याच हुकमाने ए20 नावाचे आणखी एक प्रथिन बनते. संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांवरच्या युबिक्विटिनच्या साखळ्या ते कापते आणि काहींना मोडीत काढण्याची खूण लावते. पेशीवरचे संदेश घेणारे ग्राहीसुद्धा आत ओढून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, जिरवले जातात. आग विझल्यावरही गिरणीचा भोंगा वाजतच राहिला तर गाव झोपणार कसे? तो भोंगा बंद करण्याचे हे काम आहे. ज्या उंदरांत ए20 चे जनुक काढून टाकले, ते अनेक अवयवांतल्या दाहाने लहानपणीच मेले. अशा उंदरांना कोणते चूर्ण द्यायचे होते?

युबिक्विटिनच्या या खुणेचा शोध लावणाऱ्या सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वीस वर्षांहून जुनी ही गोष्ट घातपाताच्या सुरात छापावी, याचे मला फार वाईट वाटते.

कोरोनाचे दिवस जळगाव-धुळ्याचे लोक विसरलेले नाहीत. अनेकांचे प्राण विषाणूइतकेच आवरता न आलेल्या दाहाने घेतले. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत ज्या डेक्सामेथासोनने प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले, ते दाह दाबणारे स्टेरॉइड होते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. कुठे वाढवायचे आणि कुठे आवरायचे, यातच सगळे आहे. वहिनींची गोळी वेगळ्या वाटेने काम करते, पण तिचाही हेतू थांबायला विसरलेला दाह खाली आणणे हाच आहे. तिच्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका काहीसा वाढू शकतो; रक्तपेशी आणि यकृत ठीक आहेत ना, हे पाहायला डॉक्टर ठरावीक काळाने रक्त तपासतात. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

माझी मागणी एवढीच आहे. जिथे तो मथळा छापला, तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत खुलासा छापा आणि आमवाताच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत, हे त्यात स्पष्ट लिहा. आतल्या पानावर, निधनवार्तांखाली नको.

आणखी एक. तुमच्या पुरवणीला दाहाबद्दल लिहायचेच असेल, तर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे बघा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांत तांबड्या पेशी फुटत राहतात, त्यातून बाहेर पडणारे हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारे द्रव्य, दाह भडकवते आणि ती पोरे हाडांच्या वेदनेने विव्हळतात. तुमच्या खान्देश पानावर ती मुले वर्षातून एकदा, 19 जूनला जागतिक सिकलसेल दिनी, कार्यक्रमाच्या फोटोपुरती दिसतात. चूर्णाच्या त्या पाव पानाची जागा एखाद्या आठवड्यात त्यांना द्या.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, अमळनेर
(वहिनींची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)