टॅग पुढे की मागे

प्रिय सुहास,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक. आज लिहितोय ते तपासायला आलेल्या एका प्रबंधापायी. त्यातला एक निष्कर्ष काही केल्या घशाखाली उतरत नाही: ‘डेंग्यूचं एनएस५ स्टॅट२ला नुसतं चिकटतं, नष्ट करत नाही.’ म्हणजे विषाणूचं हे प्रोटीन आपल्या पेशीतल्या, इंटरफेरॉनचा विषाणूविरोधी निरोप पोचवणाऱ्या स्टॅट२ला धरतं, पण संपवत नाही.

प्रोटीन वजनानुसार पट्ट्यांत दाखवणारा ब्लॉट चोख आहे. ११३ किलोडाल्टनपाशी स्टॅट२चा बँड प्रत्येक लेनमध्ये ठसठशीत. पण ओळखीसाठी जोडायचा फ्लॅग टॅग लावलाय कुठे, तर एनएस५च्या पुढच्या टोकाला! ‘टॅग पुढेच हवा’ म्हणून तूच अबोला धरला होतास ना? घे आता.

खऱ्या संसर्गात एनएस५ पॉलिप्रोटीनमधून, म्हणजे विषाणूच्या एकाच लांबलचक प्रोटीनमधून, कापून निघतं. शेजारच्या एनएस४बीपासून ते सुटलं की उघडं पडणारं टोक पेशीतल्या यूबीआर४ या प्रोटीनला लागतं, आणि मग स्टॅट२ची रवानगी पेशीच्याच प्रोटीन मोडणाऱ्या प्रोटिआसोममध्ये. आयत्या बिळावर नागोबा! स्टॅट२ गेलं की स्टॅट१ आणि आयआरएफ९बरोबरची तिकडी जमत नाही, इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकापर्यंत पोचत नाही. टोकावर टॅग चढवला की चिकटणं शाबूत, नाश बंद. म्हणजे निष्कर्ष अर्धा खरा, आणि तेच जास्त वाईट. झिकाच्या एनएस५ला मोकळं टोकही लागत नाही, यूबीआर४ही नाही. आराखडा बहुधा तिथूनच उचललाय.

एनएस५च्या पुढे युबिक्विटिन हे छोटं प्रोटीन जोडलं तर पेशीतली एन्झाइम्स ते शेवटच्या ग्लायसिननंतर कापतात आणि मूळ टोक मोकळं होतं. टॅग मागे. एका लेनला प्रोटिआसोम रोखणारं एमजी१३२, १० मायक्रोमोलर, ४ ते ६ तास. रात्रभर ठेवलं तर पेशीच मरायला लागतात. स्टॅट२ परत दिसलं तर काम प्रोटिआसोमचं. स्टॅट१ मात्र जागचं हलता कामा नये. ब्लॉटसाठी पेशी इंटरफेरॉन न घालताच उचलायच्या, कारण स्टॅट२ स्वतःच त्यानं वाढतं. आणि ट्रान्सफेक्शन, म्हणजे पेशीत जनुक घालणं, निम्म्याच पेशींत झालं असेल, तर उरलेल्यांचं स्टॅट२ सगळं झाकून टाकतं. तिथं एकेक पेशी वेगळी दाखवणारं इम्युनोफ्लुओरेसन्सच बघायला हवं.

पुढचं प्रकरण उंदराच्या पेशींवर, बोल! उंदराच्या स्टॅट२चं डेंग्यूचं एनएस५ काही वाकडं करू शकत नाही. इंटरफेरॉनचे रिसेप्टर काढलेले एजी१२९ उंदीर लोक हौस म्हणून पाळतात का?

तुझी बदली, धाकटीचं हॉस्टेल, सगळं वाचलं. छान झालं. वहिनींना नमस्कार.

आता सांग, वाक्य बदलायला लावू की प्रयोग? क्लोनिंग धरून महिना सहज जाईल, आणि पोराची मुदतवाढ संपत आलीय. तू असतास तर काय केलं असतंस ते लगेच कळव.

तुझा,
विनय